समुद्रातले विषाणू आणि त्यांचे जिवाणू: कोल्हापुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. समुद्रातल्या विषाणूंवर बोलायला उभी राहिले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच. बाकीचे प्रश्न विद्यार्थ्यांचे, पालकांचे, डेअरीत काम करणाऱ्यांचे आणि काही चिवट निवृत्त मास्तरांचे आहेत. उत्तरं एका मापाची नाहीत. जिथं गंमत जास्त, तिथं मी जास्त रेंगाळले आहे.

मॅडम, कोल्हापूरला समुद्र कुठाय? मग हा विषय इथं कशाला?

गगनबावड्याचा घाट उतरलात की कोकण, पुढं अरबी समुद्र. तरी आपलं पाणी तिकडं जात नाही. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त मानलेली सरस्वती मिळून पंचगंगा होते, ती नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते आणि कृष्णा पार आंध्रात जाऊन बंगालच्या उपसागराला. त्या उपसागराच्या काठावरची एक गोष्ट पुढं कॉलऱ्याच्या प्रश्नात येणार आहे.

दुसरं म्हणजे जिवाणूंना खाणारे विषाणू फक्त समुद्रात नसतात. रंकाळ्यात आहेत, उसाच्या शेतातल्या मातीत आहेत, तुमच्या-माझ्या पोटातही आहेत. समुद्रात त्यांचा अभ्यास मोठ्या प्रमाणावर झाला, इतकंच.

विषाणू म्हणजे आजार. जिवाणू म्हणजेही आजार. मग हे एकमेकांच्या जिवावर कसे उठतात?

दोन्ही शब्द आपण दवाखान्यात शिकलो, त्यामुळं हा घोळ होतो. जिवाणू ही पूर्ण पेशी असते. ती खाते, वाढते, दुभंगते. विषाणू म्हणजे प्रथिनांच्या वेष्टनातला डीएनए किंवा आरएनए. स्वतःच्या बळावर तो काहीच करू शकत नाही, त्याला कुणाची तरी पेशी लागते. जे विषाणू जिवाणूंची पेशी वापरतात त्यांना बॅक्टेरिओफेज किंवा नुसतं फेज म्हणतात. १९१५ साली इंग्लंडच्या फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी आणि १९१७ साली पॅरिसमध्ये फेलिक्स द'हेरेल यांनी ते स्वतंत्रपणे शोधले. समुद्रातले बहुतेक विषाणू याच जातकुळीचे.

फेज जिवाणूच्या पृष्ठभागावरच्या एखाद्या ठरावीक रेणूला चिकटतो आणि आपला डीएनए आत सोडतो. मग पेशीची सगळी यंत्रणा फेजच्या प्रती बनवायला जुंपली जाते. शेवटी पेशी फुटते आणि पिल्लं बाहेर पडतात.

समुद्रात असे विषाणू किती? आणि मोजले कुणी?

पृष्ठभागाजवळच्या एका मिलिलिटर पाण्यात साधारण १ कोटी. म्हणजे चहाच्या एका चमच्यात ५ कोटींच्या घरात. सगळ्या महासागरांचा अंदाज १ वर ३० शून्यं इतका येतो.

१९८९ पर्यंत हा आकडा कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. त्याआधी विषाणू मोजायचे म्हणजे प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायचे आणि त्यातले किती मरतात ते बघायचं. समुद्रातले बहुसंख्य जिवाणू प्रयोगशाळेत वाढायलाच तयार नसतात, मग त्यांचे विषाणू दिसणार कुठून? नॉर्वेच्या बर्गन विद्यापीठातल्या संशोधकांनी पाण्यातले कण थेट इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतले आणि काही नमुन्यांत एका मिलिलिटरला २५ कोटींपर्यंत विषाणू मोजले. समुद्रात रोज मरणाऱ्या जिवाणूंचा हिशोब तिथून पुढं नव्यानं मांडावा लागला. आज सर्वसाधारण अंदाज असा आहे की समुद्रातल्या सूक्ष्मजीवांच्या एकूण वस्तुमानापैकी सुमारे २०% दररोज विषाणूंमुळं नष्ट होतं.

मग गणपतीपुळ्याला पोहायला गेलो आणि पाणी तोंडात गेलं तर?

खारट लागेल. फेज माणसाच्या पेशींना लागण करत नाहीत. बुडण्याची आणि सांडपाण्याची काळजी करा, यांची नको.

रोज एवढे मरतात तर जिवाणू संपत कसे नाहीत?

इथून खरा विषय सुरू होतो. एक कारण साधं आहे: जे उरतात ते दुभंगून भर काढतात. पण एवढ्यानं भागलं नसतं. जिवाणूंकडं बचावाच्या बऱ्याच तऱ्हा आहेत.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त वापरली जाणारी तऱ्हा म्हणजे पृष्ठभाग बदलणं. फेज ज्या रेणूला चिकटतो तो रेणू थोडा वेगळा झाला किंवा गायबच झाला, की फेजला दार सापडत नाही. दुसरी, आत आलेला परका डीएनए कापून टाकणारी एन्झाइम्स. हीच पुढं जनुकीय अभियांत्रिकीची कात्री झाली आणि १९७८ चं नोबेल वर्नर आर्बर, डॅनियल नेथन्स आणि हॅमिल्टन स्मिथ यांना त्यासाठीच मिळालं. तिसरी, क्रिस्पर, तिच्याकडं डेअरीच्या प्रश्नात येते. चौथी मला सगळ्यात विलक्षण वाटते: लागण झालेली पेशी फेजची पिल्लं तयार व्हायच्या आतच स्वतःला संपवते. ती जाते, पण आजूबाजूच्या तिच्याच वंशाच्या पेशी वाचतात. त्याग वगैरे म्हणायचा मोह होतो. पण पेशीला मन नसतं. ज्या वंशात ही सोय होती तो वंश टिकला, एवढंच.

विषाणू आला हे कळल्यावर जिवाणू स्वतःला बदलतो का?

नाही. हा प्रश्न दर वर्षी येतो आणि यायलाच हवा, कारण एके काळी शास्त्रज्ञांनाही तो पडला होता. १९४३ साली साल्वादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी त्याचा निकाल लावला. त्यांनी ई. कोलाय जिवाणूंच्या बऱ्याच लहान लहान नळ्या वेगवेगळ्या वाढवल्या आणि मग प्रत्येक नळीतल्या जिवाणूंची गाठ फेजशी घालून दिली. फेज भेटल्यावर जिवाणू बदलत असते, तर प्रत्येक नळीत वाचलेल्यांची संख्या जवळपास सारखी आली असती. प्रत्यक्षात काही नळ्यांत एकही वाचला नाही, काहींत शेकड्यांनी वाचले. याचा अर्थ बदल आधीच, योगायोगानं झालेला होता. ज्या नळीत तो लवकर घडला तिथं त्या पेशीचा गोतावळा मोठा झाला होता.

फेजनं बदल घडवला नाही, निवड केली. सहउत्क्रांतीचं, म्हणजे एकमेकांच्या दबावाखाली दोघांच्या पिढ्या बदलत जाण्याचं, पुढचं सगळं याच वाक्यावर उभं आहे. दोन्ही बाजूंना आंधळे बदल होत राहतात आणि प्रत्येक बाजू दुसरीसाठी चाळणीचं काम करते.

जिवाणूनं दार बदललं तर फेज उपाशी मरतो का?

बरेच मरतात. पण एका फुटलेल्या पेशीतून डझनांनी, कधी शंभराच्या वर पिल्लं निघतात आणि नक्कल करताना चुका होतातच. त्यातल्या एखाद्याच्या शेपटीच्या टोकाचं प्रथिन नव्या दाराला बसतं.

याचा नमुना २०१२ साली जस्टिन मेयर, रिचर्ड लेन्स्की आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत प्रयोगशाळेत बघितला. लॅम्डा नावाचा फेज ई. कोलायच्या एका विशिष्ट प्रथिनावरूनच आत शिरतो. जिवाणूंनी ते प्रथिन बनवणं जवळजवळ थांबवलं. साधारण चारपैकी एका प्रयोगात फेजमध्ये चार बदल साठत गेले आणि तो दुसऱ्याच प्रथिनावरून आत शिरू लागला, तोही काही आठवड्यांच्या आत. चारांतले तीनच बदल असतील तर नवं दार उघडत नाही. उरलेल्या प्रयोगांत हे घडलंच नाही, हेही तितकंच महत्त्वाचं.

शेवटी जिंकतंय कोण?

खासबागेत कुस्त्या बघितलेल्या माणसाला हे समजावणं सोपं जातं. एकाच तालमीत रोज एकमेकांशी लढणारे दोन मल्ल घ्या. एकानं नवा डाव काढला की दुसरा त्यावर तोड शोधतो, मग पहिला आणखी काहीतरी काढतो. वर्षभरानं दोघंही तयार, पण एकमेकांच्या तुलनेत होते तिथंच. आता दोघांतल्या एकाची गाठ दुसऱ्याच्या गेल्या वर्षीच्या रूपाशी घालता आली असती तर? तो सहज चीतपट करेल.

सूक्ष्मजीवांत हे खरोखर करता येतं, कारण ते गोठवून ठेवता येतात. अँगस बकलिंग आणि पॉल रेनी यांनी २००२ साली स्यूडोमोनास जिवाणू आणि त्याचा फेज एकत्र वाढवले, मधेमधे नमुने गोठवले आणि नंतर वेगवेगळ्या काळांतल्या जोड्या लावल्या. जिवाणू मागच्या काळातल्या फेजना चांगले तोंड देत होते आणि पुढच्या काळातल्या फेजपुढं हरत होते. दोन्ही बाजू खरोखर पुढं सरकत होत्या.

पण ही दौड अशीच कायम चालते असं समजू नका. याच जोडीवर पुढं जास्त काळ चाललेल्या प्रयोगांत ती मंदावली आणि चित्र बदललं. सगळ्या फेजना पुरून उरणारा महाजिवाणू तयार झाला नाही. त्याऐवजी आज या प्रकाराची चलती, उद्या त्या प्रकाराची, असं चक्र सुरू झालं. का? कारण प्रतिकाराची किंमत मोजावी लागते. माझ्या मते या साऱ्या विषयाचा गाभा हाच आहे, आणि 'विषाणू विरुद्ध जिवाणू, युद्ध सुरू' छापाच्या बातम्यांत नेमका तोच गळतो.

समुद्रातलंच उदाहरण घेऊ. प्रोक्लोरोकॉकस हा प्रकाशसंश्लेषण करणारा अतिसूक्ष्म जिवाणू. एका मिलिमीटरच्या सुमारे दीड हजाराव्या भागाइतका. सॅली चिझम आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये तो जगापुढं आणला. उष्ण समुद्रांत, आपल्या अरबी समुद्रातसुद्धा, तो अफाट संख्येनं आहे. इस्राएलमध्ये डेबी लिंडेल यांच्या गटानं त्याच्यात फेजला दाद न देणारे प्रकार निवडून वेगळे केले आणि २०११ साली त्यांचे जनुकसंच तपासून प्रसिद्ध केले. प्रतिकार देणारे बदल बहुतांशी एकाच भागात जमा झालेले होते. हा भाग एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात सतत बदलत असतो आणि पेशीच्या पृष्ठभागाशी संबंधित जनुकं तिथंच असतात. आता किंमत बघा. काही प्रतिकारक प्रकारांची वाढ मंदावली. काही एका फेजपासून सुटले आणि दुसऱ्याच फेजला आणखी सहज बळी पडू लागले.

हे दुसरं वाक्य परत वाचा. एका शत्रूसाठी बंद केलेलं दार दुसऱ्यासाठी उघडतं. मग एकच सर्वोत्तम प्रकार असणं शक्यच नाही. त्याऐवजी समुद्रात एकाच जातीचे असंख्य किंचित वेगळे प्रकार नांदतात. कुठलाही एक फेज आला तरी त्याला त्यातले थोडेच मिळतात, आणि थोडे मिळतात म्हणून फेजही टिकून राहतो.

हे काचेच्या नळीत झालं. समुद्रातल्या जिवाणूंत इतक्या लवकर बदल दिसतो का?

दिसतो. मार्शा मार्स्टन आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली सिनेकोकॉकस हा सागरी जिवाणू आणि त्याचा एक फेज सहा महिने एकत्र वाढवले. सुरुवात एका जिवाणूनं आणि एका फेजनं. शेवटी दोन्हीकडचे दहाहून जास्त नवे प्रकार हाती लागले, कोण कुणाला बाधतो या हिशोबात एकमेकांपासून वेगळे. कुणी म्हणेल, हीही प्रयोगशाळाच. मान्य. म्हणून दुसरा पुरावा थेट समुद्रातल्या व्हिब्रिओ जिवाणूंचा. अमेरिकेच्या किनाऱ्यावरून गोळा केलेले, जनुकीयदृष्ट्या जवळजवळ जुळे असलेले जिवाणू २०२१ साली तपासले गेले. सगळ्यांची दारं सारखीच, तरी प्रत्येकाला बाधणारे फेज वेगळे. फरक होता तो एका पेशीतून दुसरीत उड्या मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्यांत. बचावाची सामग्री त्या तुकड्यांवर होती. म्हणजे पृष्ठभागाला हात न लावताही, बाहेरून आयती सामग्री मिळवून जिवाणू वेगळे होतात, तेही फार वेगानं.

विषाणूत प्रकाशसंश्लेषणाचं जनुक असतं असं वाचलं. हे खरं का? तो तर जिवंतही नाही म्हणता.

खरं आहे, आणि २००३ साली निकोलस मान आणि सहकाऱ्यांनी ते दाखवलं तेव्हा शास्त्रज्ञांचेही डोळे विस्फारले होते. सिनेकोकॉकसच्या एका फेजमध्ये प्रकाशसंश्लेषणातल्या डी१ या प्रथिनाचं जनुक सापडलं. पुढं प्रोक्लोरोकॉकसच्या फेजमध्येही मिळालं. आता तर या गटातल्या बहुतेक फेजमध्ये ते असतं असं दिसतं.

विषाणूला त्याचा उपयोग काय? उन्हात डी१ प्रथिन सतत मोडतं आणि पेशीला ते सतत नवं बनवावं लागतं. फेज आत शिरला की पेशीची स्वतःची जनुकं गप्प होत जातात. म्हणजे डी१ बनणं थांबणार, ऊर्जा आटणार आणि फेजची पिल्लं अर्धवट राहणार. म्हणून फेज स्वतःचं डी१ जनुक घेऊन येतो. यजमान मरेपर्यंत, म्हणजे साधारण आठ-दहा तास, त्याची ऊर्जायंत्रणा चालू ठेवण्यापुरतं.

जनुक मुळात आलं कुठून? यजमानाकडून. पूर्वी कधीतरी फेजनं ते उचललं, स्वतःच्या सोयीनं घासूनपुसून घेतलं. जनुकांची तुलना केल्यावर काही तुकडे उलट दिशेनं, फेजकडून जिवाणूंत परत गेल्याच्या खुणाही दिसतात. नुसती मारामारी असती तर ही देवाणघेवाण दिसली नसती.

आमच्या डेअरीत कधीकधी कल्चर फसतं, दूध विरजत नाही. त्याचा याच्याशी काही संबंध?

अगदी जवळचा. कारणं बरीच असू शकतात, दुधात औषधांचा अंश राहणं हेही एक. पण फेज हे जगभरच्या डेअऱ्यांचं जुनं दुखणं आहे. न्यूझीलंडमध्ये व्हाइटहेड आणि कॉक्स यांनी १९३५ सालीच ते ओळखलं होतं. एकच कल्चर रोज वापरलं की त्याचा फेज तिथं जम बसवतो. म्हणून मोठ्या डेअऱ्या कल्चर आलटूनपालटून वापरतात.

क्रिस्परचं कामही याच क्षेत्रात झालं. योगर्टसाठी वापरल्या जाणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस जिवाणूवर रोडॉल्फ बरांगू, फिलिप ऑर्वाथ आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं की फेजच्या हल्ल्यातून वाचलेले काही जिवाणू त्या फेजच्या डीएनएचा छोटा तुकडा आपल्या जनुकसंचात जपून ठेवतात आणि पुढच्या वेळी तोच क्रम दिसला की कापून टाकतात. ही नोंद लेकरांकडंही जाते. फेजनं काय करावं? नोंदलेल्या जागेतलं एखादं अक्षर बदलावं, की सुटला.

समुद्रात मात्र एक कोडं आहे. प्रोक्लोरोकॉकस आणि सार-११ हे तिथले सगळ्यात जास्त संख्येचे जिवाणू, आणि त्यांच्यात क्रिस्पर सहसा आढळत नाही. मला पटणारं स्पष्टीकरण असं, की एवढ्या नाना तऱ्हांचे विषाणू समोर असताना मागच्यांची यादी बाळगणं परवडत नाही, विशेषतः ज्यांचा जनुकसंच आधीच काटकसरीनं छाटलेला आहे त्यांना.

कॉलऱ्याचा आणि फेजचा काय संबंध?

दुहेरी संबंध आहे. कॉलऱ्याचा जिवाणू, व्हिब्रिओ कॉलेरी, मूळचा किनाऱ्याजवळच्या मचूळ पाण्यातला. बंगालच्या उपसागराचा काठ हे त्याचं जुनं घर. माणसाला जुलाब होतात ते ज्या विषामुळं, त्या विषाचं जनुक मुळात जिवाणूचं नाही, एका फेजचं आहे. मॅथ्यू वॉल्डर आणि जॉन मेकालानोस यांनी हे १९९६ साली सिद्ध केलं. हा फेज पेशी फोडत नाही. तो जिवाणूच्या डीएनएत मुक्काम करतो आणि बरोबर विषाचं जनुक आणतो. विषाणूशिवाय हा जिवाणू एवढा घातक झालाच नसता.

दुसरी गोष्ट ढाक्यातली. तिथल्या कॉलरा रुग्णांच्या नमुन्यांत आयसीपी१ नावाचा फेज वर्षानुवर्षं सापडत आला आहे. त्याच्याविरुद्ध जिवाणूकडं पीएलई नावाचा डीएनएचा तुकडा असतो. फेज आत आला की तो जागा होतो आणि फेजची पिल्लं बनू देत नाही. पेशी मरते, पण बाहेर काही पडत नाही. यावर फेजनं काय मिळवलं? क्रिस्पर! किंबर्ली सीड आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं की या फेजकडं स्वतःची पूर्ण क्रिस्पर यंत्रणा आहे आणि तिच्या नोंदीत पीएलईचे तुकडे आहेत. जिवाणूंनी विषाणूंविरुद्ध घडवलेलं हत्यार विषाणूनं उचललं आणि जिवाणूच्याच बचावावर चालवलं. साठवलेले जुने नमुने तपासले तेव्हा पीएलईचे वेगवेगळे प्रकार एकामागून एक येत-जात राहिलेलेही दिसले.

समुद्रातले सगळे विषाणू नाहीसे झाले तर बरंच होईल की?

नाही. बर्गनच्याच फ्रेडे थिंगस्टॅड यांनी १९९० च्या दशकात मांडलेला विचार असा: जो जिवाणू संख्येनं पुढं जातो त्याची आणि त्याच्या फेजची गाठ जास्त वेळा पडते, म्हणून तोच जास्त मरतो. शिरजोर झालेला खाली येतो आणि अन्न इतरांना उरतं. विषाणू नसते तर वेगानं वाढणाऱ्या मोजक्या जातींनी सगळी जागा बळकावली असती. शिवाय फुटलेल्या पेशींतला कार्बन, नायट्रोजन, लोह पाण्यात मिसळतं आणि इतर सूक्ष्मजीवांच्या कामी येतं.

गंगेच्या पाण्यात फेज असतात म्हणून ते शुद्ध राहतं म्हणे. मग पंचगंगेचं काय?

अर्नेस्ट हँकिन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं १८९६ साली नोंदवलं की गंगा-यमुनेच्या पाण्यात कॉलऱ्याचे जंतू मरतात आणि पाणी उकळल्यावर हा गुण जातो. फेज तेव्हा माहीत नव्हते. त्याला स्वतःला ते कुठल्यातरी उडून जाणाऱ्या रसायनाचं काम वाटलं होतं. फेजचं स्पष्टीकरण नंतर जोडलं गेलं. शक्य आहे, पण त्यावरून पाणी शुद्ध ठरत नाही. उलट, आतड्यातल्या जिवाणूंचे फेज पाण्यात सापडणं ही मैला मिसळल्याची खूण म्हणून तपासली जाते. पंचगंगेचं पाणी उकळूनच प्या.

प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंवर फेज वापरता येतील का?

येतात. जॉर्जियातल्या तिबिलिसी इथं १९२३ पासून या कामाची संस्था आहे. अडचण तीच, जी वर सांगितली: जिवाणू फेजलाही प्रतिकार करायला लागतात. म्हणून बरेचदा फेजचं मिश्रण देतात. आणि प्रतिकाराची किंमत इथं आपल्या बाजूनं वळवता येते. फेजपासून सुटताना जिवाणूनं औषध बाहेर फेकणारा पंपच गमावला, तर जुनं औषध पुन्हा लागू पडतं. असे फेज मुद्दाम शोधले जात आहेत.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर? आणि पुढं शिकायचं असेल तर?

बी.एस्सी.च्या प्रयोगशाळेत होतं. सांडपाणी ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढायचं. जिवाणू वर अडकतात, फेज खाली येतात. ते गाळलेलं पाणी ई. कोलायच्या निरुपद्रवी प्रकाराबरोबर मऊ आगारमध्ये, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीत, मिसळून प्लेटवर ओतायचा. दुसऱ्या दिवशी जिवाणूंच्या दुधी थरात स्वच्छ ठिपके दिसतात. एकेका ठिपक्याच्या मुळाशी एकेक फेज. प्लेट टाकून देऊ नका, आणखी थोडे दिवस ठेवा. मोठ्या ठिपक्यांच्या मधोमध जिवाणूंच्या बारीक वसाहती उगवतात, त्या प्रतिकारक. त्या उचलून त्याच फेजबरोबर पुन्हा वाढवल्या की तुमचा स्वतःचा सहउत्क्रांतीचा प्रयोग सुरू. हे शिक्षकांच्या देखरेखीखालीच करा, आणि प्लेट फेकण्याआधी ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाच्या वाफेनं निर्जंतुक, करायला विसरू नका.

पुढच्या शिक्षणासाठी शिवाजी विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्राचा विभाग आहे. समुद्रावरच काम करायचं असेल तर गोव्यात दोना पावला इथं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. जीवशास्त्राबरोबर संख्याशास्त्र आणि थोडं प्रोग्रामिंग शिकून ठेवा. समुद्रातले बहुतेक विषाणू अजून कुणी प्रयोगशाळेत वाढवलेले नाहीत, त्यांची ओळख पाण्यातून वाचलेल्या डीएनएच्या क्रमांवरूनच होते. तारा या संशोधन जहाजाच्या मोहिमांतून जमलेल्या नमुन्यांत २०१९ पर्यंत असे जवळपास २ लाख प्रकार वेगळे काढले गेले. त्यातल्या बहुतेकांचा यजमान कोण, हे शोधायचं काम बाकी आहे.